जुन्या संग्रहालयाला नवी विंग : रंगीत चित्रात न दिसणारं काम

संग्रहालयाच्या विस्ताराची बातमी छापून येते तेव्हा सोबत एक रंगीत चित्र असतंच. पुढं जुनी दगडी इमारत, मागून डोकावणारी काचेची नवी विंग, हिरवळीवर खेळणारी पोरं आणि खाली कोटींचा आकडा. वाचणारा विचारणारच : चार भिंती, वर छत, आत दिवे, एवढ्याला एवढे पैसे कसे?

त्या चित्रावरून फारसं काही कळतही नाही. आर्किटेक्टचा बराचसा वेळ वेगळ्याच गोष्टींत जातो : जुनं आणि नवं जिथं भिडतं ती जागा, छतातून येणारा उजेड, हवेतला ओलावा, आणि ट्रकमधून उतरलेल्या पेटीचा दालनापर्यंतचा रस्ता. नवी विंग टिकते की दहा वर्षांत गळायला लागते, ते इथं ठरतं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक संग्रहालय धरू. मराठवाड्यातलं जिल्ह्याचं ठिकाण, निजामाच्या काळातली दगड-चुन्याची ८ हजार चौरस फुटांची इमारत. आत नाणी, शस्त्रं, बिद्रीची भांडी, हिमरूचे शेले. आता तिथं आधुनिक चित्र-शिल्पांसाठी १५ हजार चौरस फुटांची विंग बांधायची आहे.

आधी यादी, मग नकाशा

पहिला गैरसमज असा, की १५ हजार फूट म्हणजे १५ हजार फूट चित्रं. प्रत्यक्षात निम्म्याहून कमी जागा दालनांना मिळते. बाकीची भांडार, पेट्या उघडायची खोली, डागडुजीची खोली, एसीचा प्लॅन्ट, जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहं आणि तिकीटघर खातात. पॅरिसच्या लूव्रसारख्या संग्रहालयातसुद्धा सुमारे ५ लाख वस्तूंपैकी ३५ हजारांच्या आसपासच मांडलेल्या असतात. म्हणून भांडाराला ‘उरलेली जागा’ देणारा नकाशा पहिल्याच बैठकीत परत पाठवावा. तळघरात, तेही पाण्याच्या टाकीशेजारी भांडार दाखवलं असेल तर नक्कीच.

चांगला आर्किटेक्ट सुरुवातीला क्युरेटरकडं, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या माणसाकडं, दोनच गोष्टी मागतो : सगळ्यात मोठं चित्र केवढं आणि सगळ्यात जड शिल्प किती किलोचं. ८ बाय १२ फुटांचा कॅनव्हास पेटीत बसवला की प्रत्येक बाजूला आणखी अर्धा-पाऊण फूट वाढतो. मग ट्रक थांबतो ती जागा, शटर, लिफ्ट, बोळ, बोळाचं वळण आणि दालनाचं दार, या सगळ्यांतून ती पेटी आडवी न करता जायला हवी. दहापैकी नऊ दारं मोठी ठेवून एक नेहमीचं सात फुटी ठेवलं, तरी ते चित्र त्या दालनात कधीच जाणार नाही. ट्रकची जागा आच्छादलेली हवी, शटर पाडून आत काम करता येईल अशी. पेटी आली की लगेच उघडत नाहीत. साधारण २४ तास ती बंदच ठेवतात, म्हणजे आतल्या वस्तूला नव्या हवेची सवय होते. उधईची शंका असेल तर ती वेगळ्या खोलीत जाते.

वजनाचंही तसंच. घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून काढतात. दालनाला किमान ५०० किलो धरावे लागतात आणि शिल्पं ठेवायच्या जागी हजार किंवा त्याहून जास्त. भिंतीत जिप्सम बोर्डाच्या मागं १८-१९ मिलिमीटरचं प्लायवूड सलग लावायचं, म्हणजे स्क्रू कुठंही धरतो. गुत्तेदार पैसे वाचवायला सगळ्यात आधी हेच प्लायवूड गाळतो आणि पहिल्या प्रदर्शनात बोर्डाचा तुकडा चित्रासकट खाली येतो.

शेजारी, मागं की जमिनीखाली?

जागा निवडायच्या तीन तऱ्हा आहेत. एक, नवी इमारत जरा लांब, स्वतंत्र उभी करायची. अमेरिकेत फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयात आर्किटेक्ट रेन्झो पियानोनं २०१३ साली हेच केलं. लुई कानच्या १९७२ च्या इमारतीसमोर मोकळी जागा सोडून नवा मंडप बांधला. दुसरी तऱ्हा जमिनीखाली जायची. लूव्रच्या अंगणातला आय. एम. पे यांचा १९८९ चा काचेचा पिरॅमिड सगळ्यांना ठाऊक आहे, पण खरं काम त्याच्या खाली आहे : वेगवेगळ्या बाजूंनी येणारे लोक एका मोठ्या दालनात गोळा करून तिथून तिन्ही बाजूंना सोडायचे. अमेरिकेतल्याच कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात आर्किटेक्ट स्टीव्हन हॉलनं २००७ साली लांबलचक विंग हिरवळीखाली घातली आणि वर फक्त पाच काचेच्या पेट्या दिसू दिल्या. जुन्या इमारतीचा दर्शनी भाग मोकळाच राहिला.

याच हॉलनं २०१४ साली मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या उत्तर विंगची स्पर्धा जिंकली होती. त्याची कल्पना होती वजाबाकीतून भर घालायची, म्हणजे साध्या ठोकळ्यात खाचा कोरून उजेड आत घ्यायचा. कैलास लेणं बघत मोठं झालेल्या माणसाला हे काही जगावेगळं वाटायचं कारण नाही. ते काम मात्र कागदापुढं गेलं नाही.

तिसरी तऱ्हा जुन्याला खेटून बांधायची. आपल्याकडं प्लॉट लहान असल्यानं बहुतेकदा हीच नशिबी येते आणि तीच सगळ्यात अवघड आहे.

त्याआधी कायदा बघून घ्यावा. बीबी का मकबरा, देवगिरीचा किल्ला अशा केंद्राच्या संरक्षित स्मारकांपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. हे मोजमाप स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून होतं, घुमटापासून नाही. नकाशे पूर्ण झाल्यावर हे लक्षात आलं तर सगळं काम वाया जातं.

भेग पडणारच, तर ती आपणच ठेवायची

गावाकडं जुन्या माळवदाच्या घराला लागून स्लॅबची खोली काढतात. दोन पावसाळ्यांत जोडावर उभी भेग पडते. तिच्यात सिमेंट भरतात, ती पुन्हा उघडते, आणि भिंतीवर ओलीचा पट्टा कायमचा राहतो. संग्रहालयाच्या विस्तारात हेच होतं, फक्त त्या पट्ट्यावर कॅनव्हास टांगलेला असतो.

कारण पायाखाली आहे. आपली काळी माती पाण्यानं फुगते आणि मेमध्ये हात जाईल एवढी फाटते. शंभर वर्षांच्या इमारतीचा दगडी पाया बऱ्याचदा याच मातीत उथळ बसलेला असतो आणि ऋतूगणिक थोडा वर-खाली होतो. नवीन विंगचा पाया मात्र माती ओलांडून मुरमावर किंवा कातळावर नेतात. माती खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेल्या पाइल्स, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, घालतात. फुगवट्याचा व्यास पाइलच्या अडीचपट असतो, म्हणून फुगणारी माती तिला वर उचलू शकत नाही. प्लिंथची, म्हणजे जोत्याची बीमही मातीवर टेकवत नाहीत, खाली आठ-दहा सेंटीमीटर पोकळी ठेवतात. म्हणजे एक इमारत हलणारी, दुसरी न हलणारी. दोघींना सळया घालून बांधलं तर कमजोर असलेली फाटणार, आणि ती जुनीच असणार.

त्यात भूकंपाची भर. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट मराठवाड्याला सांगायला नको. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं माळवदाचं ओझं एकदम खाली आलं. दगडी भिंत आणि आरसीसीची चौकट वेगवेगळ्या लयीत हलतात. मध्ये मोकळी जागा नसेल तर दोन्ही एकमेकींवर आदळतात.

म्हणून दोघींमध्ये पायापासून छतापर्यंत सलग फट ठेवायची. तिला हलता सांधा म्हणतात. रुंदी स्ट्रक्चरल इंजिनिअरनं हिशेबानं काढायची. दोन मजल्यांच्या विंगला ती साधारण ५० ते १०० मिलिमीटरच्या घरात येते. नव्या खांबांची ओळ जुन्या भिंतीपासून दोन-तीन मीटर लांब ठेवायची आणि स्लॅब तिकडं झुलता काढायचा. नाहीतर भिंतीलगत चर खणताना जुन्या पायाखालची माती मोकळी होते, आणि त्याच वेळी वळवाचा पाऊस आला तर काही खरं नाही.

साइटवर चूक होते ती अशी. सांध्यात सेंट्रिंगची फळी अडकून राहते, वरून मसाला पडतो, विटांचे तुकडे पडतात. वरून पत्र्याची पट्टी ठोकली की कुणाला काही दिसत नाही. कागदावर ७५ मिलिमीटर, प्रत्यक्षात दोन इमारती मसाल्यानं चिकटलेल्या. पट्टी बसवण्याआधी टॉर्च लावून वरपासून खालपर्यंत फट बघायची आणि फोटो काढून ठेवायचे, एवढं केलं तरी पुष्कळ.

पाण्याचं गणित वेगळं. सांध्यापाशी दोन्ही गच्च्यांचा उतार येऊन मिळता कामा नये. नव्या स्लॅबला सांध्यालगत १५ ते ३० सेंटीमीटरचा कठडा, त्यावर धातूचं झाकण. झाकणाची एकच कड जुन्या भिंतीतल्या खाचेत, दुसरी मोकळी, म्हणजे ते सरकू शकतं. खाच चुन्यानं बुजवायची. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडत नाही, ती वर चढते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. कालपर्यंत उन्हा-वाऱ्यात असलेली ती भिंत आता घराच्या आत आली आहे, हेही विसरता कामा नये. तिला कोंडून वरून ऑइलपेंट फासणं म्हणजे मुद्दाम दुखणं ओढवून घेणं.

उत्तरेचा उजेड इथं दगा देतो

कलादालनाला उत्तरेकडून उजेड घ्यावा, हे प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं. युरोपात ते बरोबर आहे, कारण तिथं सूर्य दुपारी कायम दक्षिणेला असतो. आपलं तसं नाही. दर मे महिन्यात पेपरात ‘शून्य सावलीचा दिवस’ येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो तो दिवस. छत्रपती संभाजीनगरला तो २० मेच्या आसपास असतो, आणि पुन्हा २४ जुलैच्या सुमारास. या दोन तारखांच्या मध्ये भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शिवाय मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत तो पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. म्हणजे परदेशी नकाशावरून उचललेली उत्तरेची खिडकी ऐन मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ थेट ऊन आत घेते.

किती ऊन? बाहेर उघड्यावर १ लाख लक्सपर्यंत. लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप. हिमरू, जलरंग, कागद यांना चालतात ५० लक्स. तैलरंगाला १५० ते २००. दगड-धातूला फारशी अडचण नाही. आणि नुकसान साठत जातं : ५०० लक्समध्ये एक तास आणि ५० लक्समध्ये दहा तास, दोन्हींचा हिशेब सारखाच. उडालेला रंग परत येत नाही. अजिंठ्यात फ्लॅश मारू देत नाहीत, त्यामागंही रंग जपण्याचीच काळजी आहे.

उपाय आहेत. उत्तरेच्या झरोक्याला वरून पुढं आलेलं छज्जं दुपारच्या उन्हासाठी आणि दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हासाठी. काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली. तो जवळपास सगळे अतिनील किरण अडवतो. खाली उजेड पसरवणारा थर आणि गरजेला ओढायचे पडदे. दालनाचं दहाव्या हिश्शाचं मॉडेल करून ते साइटवर ठेवायचं आणि आत लक्समीटर लावून वर्षातल्या वेगवेगळ्या दिवसांची रीडिंग घ्यायची. संगणकही हे सांगतो, पण मॉडेलमध्ये डोकं घालून बघितल्याशिवाय समितीला पटत नाही.

एक गोष्ट नकाशात हमखास सुटते : काच पुसायला जायची वाट. आपल्याकडच्या धुळीत झरोका दोन महिन्यांत मातकट होतो. वर जायला शिडी आणि पाय ठेवायला जाळी नसेल तर तो कुणी पुसत नाही, आणि मग दिवसाढवळ्या सगळे दिवे लावून बसावं लागतं.

बाहेरच्या लखलखाटातून एकदम ५० लक्समध्ये आलेल्या माणसाला आत अंधारच दिसतो, मग तो तक्रार करतो आणि कुणीतरी दिवे वाढवतं. म्हणून डोळ्यांना टप्प्याटप्प्यानं खाली आणायचं : खोल ओसरी, मग मंद उजेडाचं तिकीटघर, शिल्पांचं दालन, तैलचित्रं, आणि सगळ्यात शेवटी कागद आणि कापड. दालनांचा क्रम चित्रांच्या काळावरून ठरतो असं लोकांना वाटतं. निम्मा तो डोळ्यांवरून ठरतो.

‘एसी कशाला, मोठे कूलर लावा की’

ही सूचना दर बैठकीत येते आणि माणसांपुरती ती बरोबरच आहे. चित्रांना गारवा कमी, स्थिरपणा जास्त हवा असतो. एप्रिल-मेच्या दुपारी इथली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते, जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर जाते. कोरड्यात कॅनव्हास ताणतो आणि रंगाला तडे जातात. ओलीत तो सैल पडतो, लाकडी चौकट पीळ खाते, ६५-७० टक्क्यांच्या वर बुरशी धरते. कूलर दिवसा हवेत पाणी भरतो आणि रात्री बंद झाला की सगळं पुन्हा कोरडं. रोजची ही ओढाताण संथ ऋतुबदलापेक्षा वाईट. पावसाळ्यात तर कूलर म्हणजे बुरशीला आमंत्रण. रात्री एसी बंद करून बिल वाचवणं हा त्याचाच दुसरा प्रकार.

पूर्वी ५० टक्के आर्द्रता आणि २०-२२ अंश अशी काटेकोर पट्टी धरायचे. आता बिझो या मोठ्या संग्रहालयांच्या गटानं बहुतेक वस्तूंसाठी ४० ते ६० टक्के आणि १६ ते २५ अंश एवढी मोकळीक मान्य केली आहे. मराठवाड्यासाठी ही फार मोठी सोय आहे, कारण २१ आणि २५ अंशांमधला फरक विजेच्या बिलात ठळक दिसतो.

उरलेलं काम भिंतीनं करायचं. नाजूक दालनं आणि भांडार इमारतीच्या पोटात, पश्चिम-दक्षिणेला जिने, बोळ, स्वच्छतागृहं; ऊन आधी त्यांच्यावर पडू द्यायचं. जाड भिंत, आतून चुन्याचा गिलावा, तो ओलावा थोडा घेतो, थोडा देतो. दालनाला दुहेरी दार, एक बंद झाल्यावर दुसरं उघडणारं. आणि दालनावर किंवा भांडारावर नळ, मोरी, एसीच्या थंड पाण्याचा पाइप यातलं काहीही न्यायचं नाही. जुलैत त्या पाइपला घाम फुटतो आणि थेंब बरोबर चित्रावर पडतो.

‘मग जुन्यासारखंच का बांधत नाहीत?’

नवी विंग जुन्याशी जुळत नाही, ही सगळ्यात जुनी तक्रार. लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या एका नियोजित विस्ताराला तेव्हाचे राजपुत्र चार्ल्स यांनी १९८४ साली गळू म्हटलं आणि तो बेत बारगळला. त्याजागी १९९१ साली रॉबर्ट व्हेंच्युरी आणि डेनिस स्कॉट ब्राऊन यांची सेन्सबरी विंग आली, जुन्या दर्शनी भागाचे खांब उचलून ते हळूहळू विरत नेणारी. आतल्या प्रवेश-दालनात त्यांनी भार न घेणारे, नुसते दिसायचे खांबही घातले. या विंगेचे देणगीदार जॉन सेन्सबरी यांना ते पटले नव्हते. त्यांनी १९९० साली एक पत्र लिहून खांबाच्या आत ठेवलं : हे पत्र मिळालं असेल तर तुम्ही एक खोटा खांब पाडत आहात, आणि त्याचा मला आनंद आहे, अशा अर्थाचं. २०२३ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी कामगारांना ते खरंच सापडलं.

किंबेलमध्ये तर १९८९ साली कानच्या कमानी तशाच पुढं वाढवायचा बेत होता. कानला मानणाऱ्या लोकांनीच त्याला विरोध केला आणि तो सोडून द्यावा लागला.

आपल्याकडं नक्कल म्हणजे आरसीसीवर चिकटवलेला पातळ काळा दगड आणि पीओपीच्या कमानी. काळा दगड तापतो, पाठचा चिकट मसाला पाच-सात उन्हाळ्यांत सुटतो, आणि तुकडे पडायला लागतात. त्यापेक्षा जुन्याची उंची, खिडक्यांमधलं अंतर, प्लिंथची रेघ घ्यावी आणि साहित्य आजचं, उघड वापरावं. हे माझं मत आहे. याच्या उलट मत असलेले चांगले आर्किटेक्टही आहेत.

दुष्काळी भागात हे परवडतं का?

प्रश्न रास्त आहे, फक्त तो बांधकामापेक्षा चालवण्याच्या खर्चाला विचारायला हवा. १५ हजार फूट सगळंच थंड करायचं म्हटलं तर साधारण ८० टनांचा प्लॅन्ट लागतो. सरासरी निम्मा भार धरला तरी दिवसाला हजारावर युनिट. प्लॅन्ट पाण्यानं थंड होणारा घेतला तर वाफेवाटे रोज पाच-सहा हजार लिटर पाणी उडतं, म्हणजे दर दोन दिवसांनी एक टँकर. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तिथं असा प्लॅन्ट बसवणं हा अडाणीपणा आहे. हवेनं थंड होणारा प्लॅन्ट वीज थोडी जास्त खातो, पाणी मात्र मागत नाही.

त्याहून मोठी बचत इमारत वाटून घेण्यात आहे. काटेकोर हवा फक्त कागद-कापडाच्या दालनाला आणि भांडाराला, म्हणजे पाचेक हजार फुटांना. शिल्पांचं दालन, ओसरी, तिकीटघर उंच छत आणि पंख्यांवर. प्लॅन्ट तिसऱ्या हिश्शावर येतो आणि जनरेटरही लहान लागतो.

अजिंठ्याच्या पायथ्याशी कोट्यवधी रुपये घालून अभ्यागत केंद्र उभारलं, आत चार लेण्यांच्या प्रतिकृती केल्या, आणि वीज-पाण्याची बिलं थकली म्हणून त्याला कुलूप लागलं. इमारतीत खोट नव्हती. तेव्हा विस्ताराची बातमी आली की कोटींच्या आकड्याखाली पुढच्या दहा वर्षांच्या विजेची, फिल्टरची, काच पुसणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद आहे का ते शोधावं, आणि नसेल तर जनसुनावणीत तेवढं एक तरी विचारावं.